पोटातलं पाणी, पडद्यावरची रेषा

"काका, दोन दिवसांत पोट साफ झालंय का?"

सकाळी आठच्या सुमारास डायलिसिस विभागातल्या सिस्टरचा फोन येतो आणि त्या पहिलं हेच विचारतात. ऐकणाऱ्याला वाटावं, चुकून भलत्याच पेशंटला फोन लागला. किडन्या निकामी झालेल्या माणसाच्या शौचाची एवढी चौकशी कशाला? आणि काकांनी ही अडचण अजून काकूंनाही सांगितलेली नसताना, दोन तालुके पलीकडे बसलेल्या सिस्टरना तिचा सुगावा लागला कसा?

तो लागला एका रेषेवरून. रात्री काका झोपलेले असताना पलंगाशेजारच्या मशीननं त्यांच्या पोटात चार वेळा दोन-दोन लिटर पाणी भरलं आणि चार वेळा काढून घेतलं. दर वेळी किती भरलं, किती निघालं, निघायला किती मिनिटं लागली, याची नोंद मशीन ठेवत होतं. सकाळी काकांनी नळी सोडवली आणि त्यांचा चहा व्हायच्या आत ती नोंद मोडेममधून रुग्णालयाच्या संगणकावर जाऊन बसली. सिस्टरनी पाहिलं, तिसऱ्या फेरीत पाणी निघायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागलाय आणि चौथ्या फेरीत त्याहून जास्त. पोटात बसवलेल्या मऊ सिलिकॉनच्या नळीचं टोक ओटीपोटात, मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाजवळ असतं. आतडं भरून फुगलं की ते नळीला रेटतं, तिची भोकं दाबतं, कधी टोकच जागचं हलवतं. मग पाणी अडतं. म्हणून अशी संथावलेली रेषा दिसली की अनुभवी सिस्टर आधी पोटाची चौकशी करतात. एक्स-रे, नळी पुन्हा बसवणं वगैरे त्याच्या नंतर.

या सगळ्या प्रकारातलं मला हेच फार आवडतं. मोडेम, मोबाइलचे मनोरे, कुलूपबंद करून पाठवलेली माहिती, एवढा खटाटोप पार पडतो आणि शेवटी निष्कर्ष निघतो तो इसबगोलाच्या घराण्यातला.

दोन्ही किडन्या मिळून रोज साधारण 180 लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. शरीरात एकूण रक्त जेमतेम पाच लिटर. म्हणजे तेच ते पाणी दिवसभरात पुन्हा पुन्हा गाळलं जातं. एकेका किडनीत सुमारे दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे बारीक गाळण्या, या कामाला जुंपलेले असतात आणि त्यांना रविवार नसतो. किडन्या बंद पडल्यावर त्यांच्या जागी आपण काय देतो? रक्ताचं डायलिसिस असेल तर आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. 168 तासांच्या आठवड्यातले 12 तास. आपल्याकडे अनेकांना दोनदाच परवडतं. उरलेल्या वेळात पाणी, मीठ, पोटॅशियम साठत राहतं आणि ते किती साठलं हे पुढच्या खेपेला तपासेपर्यंत नक्की कळत नाही. पोटाचं डायलिसिस रोज चालतं, पण ते घरी. डॉक्टरांची भेट साधारण महिन्यातून एकदा, मधला सगळा काळ रोजचे आकडे लिहायच्या एका वहीच्या भरवशावर.

पोटाचं डायलिसिस ही मुळातच थक्क करणारी गोष्ट आहे. जठर, आतडी, यकृत यांच्यावरून आणि पोटाच्या भिंतीच्या आतल्या अंगानं एक पातळ, ओलसर पडदा पसरलेला असतो. त्याचं नाव पेरिटोनियम. तो उलगडून अंथरला तर त्याचं क्षेत्रफळ आपल्या अंगावरच्या सगळ्या कातडीच्या जवळपास जातं. त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. पडद्याच्या एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला आपण नळीतून सोडलेलं निर्जंतुक पाणी, ज्यात हिशेबानं साखर आणि क्षार घातलेले असतात. युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम रक्तात भरपूर आणि या पाण्यात नाहीतच, म्हणून ते आपसूक इकडे झिरपतात. रक्त शरीराबाहेर काढावं लागत नाही, सुई टोचावी लागत नाही.

जादा पाणी काढण्याचं काम साखरेचं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पातेल्याच्या तळाशी पाणी सुटलेलं दिसतं. इथे साखर तशीच रक्तातलं पाणी पडद्याअलीकडे ओढून आणते. पिशव्या तीन ताकदींच्या मिळतात: 1.5, 2.5 आणि 4.25 टक्के डेक्स्ट्रोजच्या. अंगावर सूज जास्त, तर साखर जास्त. दोन लिटर आत गेलं आणि चार तासांनी सव्वादोन किंवा अडीच लिटर बाहेर आलं, तर वरचं पाव-अर्धा लिटर म्हणजे किडनीनं काढायचं राहून गेलेलं पाणी. पण साखरही पडद्यातून हळूहळू रक्तात जाते. दिवसाकाठी शंभर ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त. ती जाईल तशी ओढ कमी होते आणि पाणी फार वेळ पोटात राहिलं तर उलटं रक्तात परतायला लागतं. कुणाचा पडदा साखर झटकन आत घेतो, कुणाचा सावकाश. त्यामुळे एकाला चार तास योग्य तर दुसऱ्याला दोनच. प्रत्येकाच्या पडद्याचा स्वभाव ओळखायची एक ठरावीक चाचणी 1987 पासून वापरात आहे. तरीही हा स्वभाव कायम राहत नाही. वर्षानुवर्षं साखर सोसून पडदा बदलत जातो. सर्वांत कडक पिशवी चार तास ठेवूनही चारशे मिलीलिटरपेक्षा कमी जादा पाणी आलं, तर पडदा थकला असं डॉक्टर समजतात. हा थकवा महिन्यामहिन्यानं, थोडा-थोडा चढतो. तो दुखत नाही, खुपत नाही.

पोटात पाणी सोडून माणसाला हिंडू-फिरू द्यावं, ही कल्पना तशी अलीकडची. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात 1976 साली रॉबर्ट पोपोविच या अभियंत्यानं आणि जॅक मॉनक्रिफ या डॉक्टरनं ती मांडली. दिवसातून चार-पाच वेळा पाणी बदलायचं, मधल्या वेळात आपापल्या कामाला लागायचं. सुरुवातीला हे पाणी काचेच्या बाटल्यांतून येई. टोरांटोच्या दिमित्रिओस ओरिओपूलोस यांनी प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या आणि रिकामी पिशवी गुंडाळून कपड्याखाली ठेवून माणसं बाजारात जायला लागली.

आणि डायलिसिस घरी नेण्याची खटपट त्याहूनही जुनी आहे. विलेम कोल्फ यांनी 1943 साली, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये, कांपेन गावी सॉसेजसाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळ्या एका लाकडी पिंपावर गुंडाळून किडनीचं मशीन बनवलं. 1945 साली त्या पिंपानं 67 वर्षांच्या एका बाईला पहिल्यांदा मरणाच्या दारातून परत आणलं. 1960 साली सिॲटलच्या बेल्डिंग स्क्रिबनर यांनी टेफ्लॉनची नळी कायमची हातात ठेवून द्यायची युक्ती काढली आणि तेव्हा कुठे एकाच माणसाचं डायलिसिस वर्षानुवर्षं करणं शक्य झालं. पण मशीन मोजकी, रुग्ण ढीगभर. कुणाला जगवायचं हे ठरवायला सिॲटलमध्ये गावातल्या नागरिकांची एक समितीच नेमली होती. 1964 साली सोळा वर्षांची एक मुलगी या समितीच्या निकषांत बसली नाही. तिथल्या विद्यापीठातले अणु-अभियांत्रिकीचे प्राध्यापक ॲल्बर्ट बॅब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग सुमारे चार महिन्यांत तिच्यासाठी घरी चालेल असं मशीन बांधलं. ते रात्री चालवायचं होतं, म्हणून झोपलेल्या माणसाऐवजी मशीननंच स्वतःवर लक्ष ठेवावं, काही बिघडलं तर थांबावं आणि ओरडावं, अशी सोय त्यात होती. समितीनं नाकारलेल्या मुलीचं डायलिसिस घरी सुरू झालं.

दुरून पाहण्याचा प्रयोग पुढे टोरांटोत झाला. तिथे 1994 साली रॉबर्ट उल्डॉल यांनी रुग्णांना झोपेत, घरी, रात्रभर रक्ताचं डायलिसिस द्यायला सुरुवात केली. स्मार्टफोन तेव्हा सर्वसामान्यांच्या हातात आलेला नव्हता. रुग्णाचं मशीन टेलिफोनच्या तारेनं रुग्णालयाला जोडलेलं असे आणि तिथे कुणीतरी पहाटेपर्यंत पडद्याकडे पाहत बसे. पुढे अनेक केंद्रांनी हा जागता पहारा सोडून दिला, कारण जी संकटं झटक्यात येतात त्यांवर इलाज पलंगाजवळच लागतो. रक्ताच्या डायलिसिसमध्ये मिनिटाला तीनशे मिलीलिटरच्या आसपास रक्त बाहेर फिरत असतं. रक्त परत नेणारी सुई निसटली तर काही मिनिटांत लिटर-दीड लिटर रक्त गादीत मुरेल. यात वाईट भाग असा की सुई बारीक असल्यामुळे ती निसटल्यावरही नळीतला दाब फारसा पडत नाही, म्हणून मशीनला ते कळेलच याची खात्री नसते. यावर काही ठिकाणी शोधलेला उपाय ऐकून हसू येतं. अंथरूण ओलं करणाऱ्या लहान मुलांसाठी बनवलेले ओल ओळखणारे अलार्म या रुग्णांच्या हाताखाली ठेवले गेले! इथे दूरचा डॉक्टर, त्याचा संगणक, त्याचं ॲप सगळं निरुपयोगी. हवा तो कानाशी वाजणारा भोंगा.

मग दुरून पाहण्यासारखं उरतं काय? जे हळू चालतं ते. आणि किडनीच्या आजारात बहुतेक गोष्टी हळूच चालतात.

सकाळचं वजन घ्या. डायलिसिसच्या रुग्णाला त्याचं 'ड्राय वेट' तोंडपाठ असतं, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं वजन. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, इतका सरळ हिशेब. दोन दिवसांत दीड किलो वाढलं तर ती चरबी नव्हे, ते पाणी. आणि हे पाणी बहुधा मिठाच्या मागून येतं. शरीर आपल्या रक्तातला खारटपणा ठरलेल्या पातळीवर राखतं, त्यामुळे साधारण नऊ ग्रॅम मीठ आत गेलं की ते विरघळवायला लिटरभर पाणी मागून घेतं. तहान लागतेच. तहानेला आवर घाला म्हणणाऱ्यांनी आधी पापड-लोणच्याला आवर घालावा, हे कुठलाही किडनीतज्ज्ञ सांगेल. ब्लूटूथचा काटा असेल तर वजन आपोआप फोनमधल्या ॲपमध्ये जातं, नसेल तर टाइप करायचं. रक्तदाबाचंही तसंच.

वजन आणि रक्तदाब यांचे आलेख एकाखाली एक ठेवले की फार चमत्कारिक गोष्टी दिसायला लागतात. काट्यावर आकडा महिनाभर तोच आहे, पण रक्तदाब मात्र हळूहळू चढतोय. घरचे खूश असतात, 'वजन अगदी स्थिर आहे.' प्रत्यक्षात माणसाची भूक गेलेली असते, स्नायू झडत असतात आणि झडलेल्या प्रत्येक किलोची जागा पाणी घेत असतं. काटा खोटं बोलत नाही, पण त्याला मांस आणि पाणी यांतला फरक कळत नाही. फरक कळतो तो दोन रेषा एकमेकींपासून दूर जाताना दिसल्यावर. वहीत हे आकडे असतातच. मात्र रोजच्या पानावर तीस-चाळीस आकडे असले की महिन्याच्या शेवटी, बाहेर साठ रुग्ण ताटकळलेले असताना, कुठला डॉक्टर ती चाळत बसेल? ॲपचं खरं काम इथे आहे. ते काही नवं मोजत नाही. जे आधीही मोजलं जात होतं, ते एका नजरेत दिसेल असं मांडतं आणि महिनाभर थांबायला लावत नाही.

सायकलर, म्हणजे रात्री पाणी भरणारं-काढणारं ते मशीन, यापुढे एक पाऊल जातं. अशा मशीनना इंटरनेटशी जोडणाऱ्या प्रणाली गेल्या दहाएक वर्षांत पसरल्या. बॅक्स्टर कंपनीनं आणलेली शेअरसोर्स ही त्यांतली सर्वांत परिचित. सिस्टरच्या पडद्यावर रुग्णांची यादी येते, ज्याच्या रात्रीत काही खटकलं त्याच्यापुढे खूण असते. डॉक्टर तिथूनच फेऱ्यांची संख्या, पाण्याचं माप, पोटात थांबण्याचा वेळ बदलू शकतात. संध्याकाळी रुग्ण मशीन सुरू करतो तेव्हा नवा कार्यक्रम तयार असतो. एक एसटीचा प्रवास वाचतो. कोलंबियातल्या रुग्णांच्या एका अभ्यासात (2019) अशा देखरेखीखाली असलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हायची वेळ सुमारे 39 टक्क्यांनी कमी आल्याचं दिसलं. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेला तो प्रयोग नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय मशीनला देता येणार नाही. तरी आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

एक गोष्ट मशीनला अजून नीट जमत नाही: निघालेलं पाणी कसं दिसतंय हे पाहणं. पोटाच्या डायलिसिसमध्ये सर्वांत मोठी भीती जंतुसंसर्गाची. पिशवी जोडताना हात नीट धुतले नाहीत, पंखा चालू राहिला, नळीचं तोंड कशाला लागलं, एवढं पुरतं. संसर्ग झाला की पांढऱ्या पेशी पोटात धावत येतात आणि एरवी फिकट पिवळं, स्वच्छ दिसणारं पाणी गढूळ होतं. एका मायक्रोलिटरमध्ये शंभराहून जास्त पांढऱ्या पेशी आणि त्यांत निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल जातीच्या, ही प्रयोगशाळेची व्याख्या. घरची परीक्षा याहून सोपी आणि जगभर शिकवली जाते: भरलेली पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची आणि तिच्या आरपार अक्षरं वाचता येतात का ते पाहायचं. वाचता आली नाहीत तर ताबडतोब रुग्णालय गाठायचं. आता पिशवीचा फोटो काढून पाठवतात. नळी पोटातून बाहेर येते तिथली कातडी लाल दिसली तर तिचाही. हे फोटो बहुतेक वेळा कुठल्याही खास ॲपमधून जात नाहीत, व्हॉट्सॲपवरूनच जातात, ज्यावर एरवी सुप्रभातचे संदेश येतात. ट्यूबलाइटखाली एक रंग, खिडकीपाशी दुसरा, फोन बदलला की तिसरा. म्हणून समजूतदार सिस्टर फोटो आला तरी विचारतात, "अक्षरं दिसतायत का?" छापील कागदाची ती परीक्षा कॅमेऱ्याला अजून हार गेलेली नाही.

दुरून देखरेख करण्याच्या बाबतीत भारताकडे सांगण्यासारखं बरंच आहे आणि ते फारसं सांगितलं जात नाही. हैदराबादच्या के. एस. नायक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 साली आपला अनुभव पोटाच्या डायलिसिसला वाहिलेल्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडला. त्यांचे कितीतरी रुग्ण खेड्यांतले, रुग्णालयापासून लांबचे. साधन काय, तर साधे मोबाइल, एसएमएस, डिजिटल फोटो, इंटरनेट आणि घरी जाऊन येणारे प्रशिक्षित समन्वयक. अपेक्षा अशी असते की शहरातला रुग्ण बरा राहील, खेड्यातला मागे पडेल. पण खेड्यांतले रुग्ण मागे पडले नाहीत. मला यात त्या मोबाइलपेक्षा समन्वयक महत्त्वाचे वाटतात. फोनवर आलेला आकडा वाचून मोटारसायकलला किक मारणारा माणूस तिथे होता. आज जी चकचकीत ॲप विकली जातात त्यांच्या जाहिरातीत हा माणूस कुठेच दिसत नाही आणि पगारपत्रकातही बऱ्याचदा नसतो.

सरकारी अंदाजानुसार देशात दर वर्षी सुमारे 2.2 लाख नव्या माणसांच्या किडन्या शेवटच्या टप्प्याला पोचतात आणि त्यातून 3.4 कोटी डायलिसिसची वाढीव गरज निर्माण होते. 2016 साली प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला, जिल्हा रुग्णालयांत रक्ताच्या डायलिसिसची मशीन आली. पोटाच्या डायलिसिससाठीची मार्गदर्शक तत्त्वं 2019 साली निघाली, पण अजूनही आपल्याकडचा बहुतेक भार रक्ताच्या डायलिसिसवरच आहे. गडचिरोलीतल्या भामरागडच्या माणसाचा विचार करा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की आलापल्लीकडचा रस्ताच तुटतो. आठवड्यातून दोनदा रुग्णालयात जाणं तिथे केवळ कागदावर शक्य असतं. पावसाआधी पिशव्यांचा साठा घरात पोचला असेल, तर पोटाचं डायलिसिस नदीला विचारत नाही. मात्र पुरात रस्त्याबरोबर मोबाइलची रेंजही जाते. म्हणून माहिती फोनमध्ये साठवून रेंज आल्यावर पाठवणारं ॲप, आणि ती येईपर्यंत काय करायचं हे तोंडपाठ असलेलं घर, दोन्ही लागतात.

सायकलर महाग, त्यामुळे आपल्याकडे अनेक रुग्ण हातानंच पिशव्या बदलतात. त्यांच्याकडे मोडेम नाही. ॲपमध्ये आकडे भरायचे ते बोटांनी, आणि बहुतेक घरांत ती बोटं सुनेची, मुलीची किंवा नातवाची असतात. भरलेल्या आकड्यांचीही एक तऱ्हा असते. रक्तदाब 130 बाय 80 असा गोल आकड्यांत येतो, 133 किंवा 78 क्वचितच. विसरलेलं वजन कालच्यावरून उतरवलं जातं. पूर्वी वहीतही हेच होत असे, यात ॲपचा दोष नाही. उलट मशीन जोडलेलं असेल तर ही मुभाच राहत नाही. रात्री सव्वाबाराला सुरू केलं, पावणेपाचला बंद केलं, एक फेरी गाळली, सगळं नोंदलं जातं. भाचीच्या लग्नाची हळद होती म्हणून उशीर झाला, हे मात्र नोंदीत येत नाही. ते कळायला फोन करून विचारावं लागतं आणि विचारण्याचा सूर पोलिसी लागला की रुग्ण बोलायचा थांबतो. कुणाचं झोपणं-उठणं इतक्या बारकाईनं दुसऱ्याच्या संगणकावर जाणं ही साधी गोष्ट नव्हे. 2023 साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं केला आहे. पण सही घेताना त्या बारीक टायपातला मजकूर मराठीत समजावून सांगायला कुणी बसतं का, हा प्रश्न कायद्याच्या आधीचा आहे.

हळू चालणाऱ्या गोष्टी दुरून पाहाव्यात आणि झटक्यात येणाऱ्या गोष्टींसाठी भोंगा जवळ ठेवावा, ही वाटणी बहुतेक ठिकाणी ठीक बसते. एक खलनायक तेवढा कुठल्याच खात्यात बसत नाही. पोटॅशियम. रक्तात ते लिटरमागे 3.5 ते 5 मिलिमोल असावं लागतं. हृदयाचा प्रत्येक ठोका पेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या पोटॅशियमच्या फरकावर उभा असतो. रक्ताच्या डायलिसिसच्या दोन खेपांमध्ये ते चढत जातं. शहाळ्याचं पाणी, केळी, सुकामेवा, जे एरवी आजाऱ्याला आवर्जून देतात, त्यानं तर वेगानं चढतं. चढताना बहुधा काहीच जाणवत नाही. मग हृदय अडखळतं. अमेरिकेतल्या हजारो रुग्णांची माहिती तपासून 2011 साली दाखवलं गेलं की आठवड्यात ज्या वेळी लागोपाठ दोन दिवसांची सुट्टी येते, त्या सुट्टीनंतरच्या दिवशी मृत्यूंचं प्रमाण इतर दिवसांपेक्षा ठळकपणे जास्त असतं. पाणी आणि पोटॅशियम, दोघांचाही त्यात हात असणार. वजनाचा काटा पाण्याबद्दल सांगेल. पोटॅशियमबद्दल घरातली कुठलीही वस्तू काही सांगत नाही, रक्त द्यावं लागतं.

की सांगते? पोटॅशियम वाढलं की ईसीजीमधली एक लाट टोकदार होते, हे डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अडचण अशी की ती खूण डोळ्यांना दिसेलच असं नाही. पोटॅशियम बरंच चढूनही पट्टी साधी दिसू शकते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी संगणकाला पंधरा लाखांहून अधिक ईसीजी दाखवले आणि प्रत्येकाबरोबर त्याच सुमारास तपासलेलं रक्तातलं पोटॅशियम सांगितलं. लाटेचं टोक पाहा की उतार, हे काही शिकवलं नाही. 2019 साली त्यांनी निकाल छापले. अंगाला दहा तारा लावायची गरज नव्हती. हातापायांवरून मिळणाऱ्या दोन रेषांवर काम भागत होतं, आणि तशा रेषा फोनला जोडलेल्या छोट्या पट्टीला बोटं आणि पाय टेकवूनही काढता येतात. पट्टी टेकवायची, अर्धा मिनिट थांबायचं आणि रक्तात काय चाललंय याचा अंदाज फोननं द्यायचा. पूर्वी कुणी हे बोललं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

निकाल मात्र बारकाईनं वाचायला हवेत. पोटॅशियम खरोखर धोक्याचं असलेल्या दहांपैकी नऊ जणांना संगणकानं पकडलं. पण ज्यांचं पोटॅशियम ठीक होतं अशा शंभरांपैकी पस्तीस ते पंचेचाळीस जणांनाही त्यानं धोक्यात ढकललं. म्हणजे संगणक 'काळजी नाही' म्हणाला तर त्यावर बराचसा विश्वास ठेवता येईल, 'धोका आहे' म्हणाला तर आधी रक्त तपासायचं. आता अशी शंभर घरं एका विभागाला जोडलेली आहेत असं धरा. रोज सकाळी चाळीसएक धोक्याच्या खुणा पडद्यावर, त्यांतल्या बहुतेक खोट्या, आणि फोन करायला सिस्टर दोन. त्यांनी पहिला फोन कुणाला करायचा, हे ठरवणारं गणित सध्या तरी त्या पट्टीत नाही. कुणाची कालची फेरी चुकली, कुणाचं वजन चढलंय, कुणाच्या घरी काल वाढदिवस होता, हे सगळं त्यांना आपल्या डोक्यात जुळवावं लागेल.